कॅम्पातल्या डॉक्टरचा कागद

आप्पा, तुम्हांला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी पन्नाशीला टेकलो, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की आधी मान खाली जाते. आज ती खाली घालायची नाही असं ठरवून, दुपारची जेवणं झाल्यावर सोप्यात लिहायला बसलो आहे. तुम्ही मला ओढत नेऊन मास्तरांपुढे बसवलंत म्हणून मला लिहिता येतं, हे उपकार मान्य. बाकी जे लिहितो आहे ते तुम्हांला रुचणार नाही.

तंबाखूचं बी तुमच्याएवढं आमच्या भागात कुणी पारखत नव्हतं. राखेत मिसळून भोपळ्यात ठेवलेलं बी काढायचं, त्यातलं चिमूटभर ओल्या फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी बंडीच्या आत पोटाशी धरून चार-पाच दिवस हिंडायचं. अंगाच्या उबेनं मोड दिसले तरच ते बी वाफ्यात जायचं. एकदा शेजारच्या मळ्यातले काका रडकुंडीला येऊन आपल्या रानाला शिव्या देत होते, कारण त्यांच्या वाफ्यात तरवा, म्हणजे लावणीची रोपं, उगवलाच नव्हता. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर झापलंत. "रानाला कशाला बडवतोस रं? बी बघितलंतंस का आदी? न्हाय न्हवं? मग गप बस." मी तेव्हा दहाएक वर्षांचा असेन. माझ्या बापासारखा न्यायी माणूस निपाणीच्या चारी अंगाला नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

तोच न्यायी माणूस पुढे माझ्या बायकोला चुलीपुढे ऐकवायचा, "एका पोरीवर आटलं बग हे रान." नात सात वर्षांची झाली होती आणि पाठीवर काही नव्हतं. तुम्ही सुनेला सोमवारी ओलेत्यानं महादेवाला फेऱ्या घालायला लावल्यात, संकेश्वरच्या बाजारातून कसल्याशा मुळ्या आणून उगाळून पाजल्यात, आणि शेवटी एका देवऋष्याकडून तिच्या ओटीपोटावर तापल्या विळ्याचे तीन डाग दिलेत. ते डाग अजून आहेत. बी बघितल्याशिवाय वाफ्याला हात न लावणारे तुम्ही! तुमची अक्कल तंबाखूपुरतीच होती, आप्पा, आणि हे मला तेव्हाच कळत होतं. मी मात्र देवळात टाळ वाजवत बसलो होतो.

डाग चिघळले म्हणून तिला बेळगावला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखमा धुतल्या, कारण विचारलं, मग तिला नीट तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "हिच्यात काही दोष दिसत नाही. आता तुम्ही तपासून घ्या." घरी येऊन मी ते चाचरत सांगितलं. तुम्ही पान थुंकून केवढ्यांदा हसलात. "बाप्या मानसाला तपासायचं? त्यो काय बाजारातला खोंड हाय व्हय?" ओसरीवरचे चारजण हसले. मीही हसलो.

पंधरा दिवसांनी वखारीच्या कामाचं निमित्त सांगून मी एकटा बेळगावला गेलो. कॅम्पात पलटणीतून निवृत्त झालेले एक कानडी डॉक्टर होते. ते म्हणाले, नमुन्याची बाटली स्वच्छ हवी, तासाच्या आत आणायची आणि गार होऊ द्यायची नाही. तेव्हा मी धर्मशाळेतून कॅम्पापर्यंत ती बाटली बंडीच्या आत पोटाशी धरून चालत गेलो. चर्चपाशी आल्यावर ध्यानात आलं की मी अगदी तुमच्यासारखा चालतो आहे, कोपर अंगाला चिकटवून, कुणाचा धक्का लागू नये म्हणून रस्त्याच्या कडेनं. डॉक्टर त्यातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. मग उठून म्हणाले, "या, तुम्हीच बघा." नुसता गोल उजेड दिसत होता. त्यात काही हलत नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, मला बघता येत नाही." ते म्हणाले, "येतंय तुम्हांला. तेवढंच आहे."

मग त्यांनी विचारलं, मुलगी झाल्यावर कधी गालगुंड झालं होतं का? झालं होतं, आप्पा. पोर रांगत होती तेव्हा. गाल उतरले, पण खाली सूज आली, ताप चढला, आणि लाजेनं मी कुणाला काही सांगितलं नाही. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणाला होतात, "बाईमानसागत काय निजलाईस? लावन खोळंबली की!" तशा अंगानं मी तीन दिवस चिखलात रोपं लावली. डॉक्टर म्हणाले, चिखलानं काही झालेलं नाही, त्या आजारात पुरुषाला असं होतं कधीकधी. म्हणजे तुम्ही सुटलात. मला ते तेव्हाही आवडलं नाही. दोष माझ्यात आहे, असा दोन ओळींचा कागद त्यांनी लिहून दिला आणि तो मी मराठीत लिहून मागितला, कारण तो तुमच्यापुढे वाचून दाखवायचा होता.

घरी आल्यावर बायकोला परड्यात नेऊन वाचून दाखवला. ती म्हणाली, "आनि एकदा वाचा." मी पुन्हा वाचला. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मामंजीस्नी दावा." मी म्हणालो, दाखवतो.

तिसऱ्या दिवशी खानापूरकडचे पाहुणे आले, सोळा वर्षांच्या मुलीचा बाप. आपण तिघे जेवायला बसलो आणि तुम्ही सुनेलाच वाढायला लावलंत. पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "ही थोरली." धाकटी अजून घरात आली नव्हती, पण ही थोरली झालीसुद्धा. तिनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि माझ्या खिशाकडे बघितलं.

मी खिशात हात घातला, तसाच बाहेर काढला आणि म्हणालो, "आप्पा, म्हादेव सपनात आलता."

तुमचा घास थांबला. "काय म्हनला?"

"दुसरी केलीस तर हाय ती पोरगीबी ऱ्हानार न्हाय, म्हनला."

डॉक्टरीणबाईंवर थुंकणारे तुम्ही, ताटातच हात धुऊन कपाळाला लावलात. पाहुणे उरलेली भाकरी टाकून उठले. आणि त्या खोट्या शब्दावर तुम्ही मरेपर्यंत दर सोमवारी अनवाणी महादेवाला बेल वाहायला गेलात, नातीच्या आयुष्यासाठी. देवळाच्या पायऱ्या चढताना तुमचा गुडघा कुरकुरायचा. मला कीव यायला हवी होती. मला मनातून हसू यायचं. सुनेला तुम्ही त्यानंतर डाग दिला नाहीत, पण "आटलेली" म्हणायचंही सोडलं नाहीत, आणि तीच समजूत घेऊन गेलात.

आत्ताच ती सुपात जोंधळे घेऊन सोप्यात आली. आता तिचेही केस पिकले. विचारलं, "कुनाला लिवताय एवढं?"

"आप्पाला. त्या कागदाचं आनि सपनाचं."

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "आता कशाला? मामंजी म्हादेवापाशीच असतील की. भेटल्या भेटल्या इचारलं असंल त्यांनी, माझ्या पोराच्या सपनात गेलतास का म्हनून."

ती हसली, मला हसता आलं नाही. तिचं खरं असेल तर हे पत्र पाठवायचं कारणच उरत नाही. नाहीतरी पाठवणार कुठं? महादेवाची क्षमा मी पाहुणे गेले त्याच संध्याकाळी पिंडीवर डोकं टेकून मागितली होती, कागद खिशात असताना. त्याला सांगायला मला काही वाटलं नाही. तुम्हांला सांगायची छाती झाली नाही, आप्पा, आणि आजही तुम्ही सोप्यात येणार नाही याची खात्री आहे म्हणूनच लिहितो आहे.