थंडीतले रातकिडे

जोयडा, ९ जानेवारी १९८७, संध्याकाळ

क्षयाची इंजेक्शनं सुरू झाल्यापासून कानांत रातकिडे किरकिरतात. मला वाटे, रानच गातंय! आज हिला म्हटलं, "ऐक, काय सूर लागलाय!"

"अवो, थंडीत कुठले रातकिडे?" ही घाबरली. "कानात आवाज आला तर लगेच सांगा म्हटलंवतं न्हवं डाक्टरनं?"

म्हटलं होतं खरं. पण सांगितलं आणि इंजेक्शन बंद केलं, तर? पुन्हा खोकल्यातून रक्त...

तेवढ्यात नात शाळेतली कविता म्हणायला उभी राहिली. नुसते ओठ हलताना दिसले. कानांत तीच किरकिर.

"अगं, मोठ्यानं म्हण की!"

पोर रडवेली झाली. ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वरडूनच म्हणतीया वो ती."

उद्या पहिल्या बसनं दवाखाना.