बंगल्याच्या तळ्यातली माती

आबा, तुंगार्लीच्या बंगल्यातलं तळं गेल्या आठवड्यात खणून काढलं. नव्या मालकाला तिथे सिमेंटचा हौद हवा आहे. तळाची काळी माती गाडीत भरून नेली आणि रस्त्याच्या खड्ड्यांत ओतली. मी फाटकाशी उभी होते. गाडीवान म्हणाला, "बाई, न्हेता का थोडी? लय चिकट हाये, चूल चांगली व्हईल." मी नको म्हटलं. घेऊन काय करणार होते?

वलवणचं आपलं भाताचं खाचर धरणाखाली गेलं आणि तुम्ही त्या बंगल्यावर माळी म्हणून राहिलात. मुंबईच्या बाईंना बागेत कमळांचं तळं हवं होतं. तुम्ही तळ्याची जागा आखलीत, खोल खणलंत, काठाला उथळ पायरी ठेवलीत. मग म्हणालात, "तळाला चिकणमाती लागंल. ती मी आणतो." वैशाखात धरणाचं पाणी उतरलं होतं. बुडालेल्या शेतांचा चिखल उघडा पडला होता, सगळा एकसारखा. तुम्ही सरळ चालत गेलात, एका जागी थांबलात आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरलीत. "हितं आपलं खाचर." कशावरून, मी विचारलं. "तुजं तोंड मी कशावरनं वळखतो?"

ती माती तळात अंथरून आपण तिघं तुडवतो आहोत, लावणीआधी चिखल करतात तशी. आई म्हणते, "घ्या! आपल्याला भात न्हाई, पन बाईसायबांच्या बेडकांची सोय झाली."

"बेडकं तरी ऱ्हातील आपल्या शेतात," तुम्ही म्हणता. "पोरी, टाच दाब. वरवर नाचू नको."

मी नाचतेच, आणि घसरून चिखलात बसते. आई तोंडाला पदर लावून हसते. त्यानंतरचं तिचं हसणं मला फारसं आठवत नाही.

आषाढात कमळांच्या बाजूला, काठच्या उथळ पाण्यात, तुम्ही मूठभर भाताचं रोप लावलंत. कुणाला विचारलं नाहीत. दसऱ्याला बंगल्यावर पाहुणे यायचे होते, तेव्हा ते निसवून लोंब्यांतले दाणे दुधात आले होते.

"माळीबुवा, हे गवत काढून टाका."

"बाई, गवत न्हाई. भात हाये."

"मग शेतात लावायचा ना!" बाई हसून म्हणाल्या.

त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वाईट नव्हत्या, आबा. पुढे मला शाळेत त्यांनीच घातलं. मी हे लिहू शकते तेही त्यांच्यामुळे, आणि हे तुम्हाला सांगताना हात अडखळतो. माती कुठली ते तुम्ही सांगितलं नाहीत. आपली खोली त्यांच्याच आवारात होती. "व्हय," एवढंच म्हणालात, धोतर खोचलंत आणि पाण्यात उतरलात. उपटलेली पेंढी खोलीच्या दाराशी ठेवून एक दाणा नखाने चिरलात, त्यातलं दूध माझ्या जिभेला लावलंत. गोडसर होतं. तुम्ही स्वतः चाखलं नाहीत.

पुन्हा तुम्ही तिथे भात लावला नाहीत, पण तळं कधी सुकूही दिलं नाहीत. ओल गेली की तळाला तडे जातात, आणि तडे गेलेली माती पाणी धरत नाही. म्हणून उन्हाळाभर विहिरीवरून घागरी आणायचात. शेवटच्या चैत्रात अंगात ताप होता तरी आणल्यात. माणसं तुम्हाला पोचवून परतली, तेव्हा आई घागर घेऊन उठली. बायकांनी तिला धरलं. "सोडा गं," ती म्हणाली, "तळं वाळंल."

परवा लेकीला घेऊन वलवणला गेले. पाणी उतरलं होतं. तिने विचारलं, "आई, आपलं शेत कुठं होतं?" मी चपला काढल्या, दोन-तीन ठिकाणी अंगठ्याने उकरून पाहिलं. मला काही कळलं नाही. आपली माती नक्की आहे असं मला ठाऊक असलेली जागा एकच होती, ते तळं, आणि त्या मातीवरून आता गाड्या जातात. लेक वाट पाहत होती. मी हात लांब करून म्हटलं, "ते बघ, तिथं." तिने बराच वेळ तिकडे पाहिलं, मग नमस्कार केला.

तिला मी सांगणार नाही, आणि हा कागदही कुठे जाणार नाही. आबा, मी अंदाजाने हात केला होता.