निरगाठ

तीर्थरूप आईस,
इथूनच पाया पडतो.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बाबांचा खोकला थांबला का?

नाताळात भेटवस्तूंच्या कागदाचा फार कचरा होतो, म्हणून यंदा त्या कापडात बांधू, असं मीच दुकानाच्या मालकांना सुचवलं. ते म्हणाले, "बांध. पण तक्रारी आल्या, तर तू घरी."

आज एक बाई गाठोडं घेऊन परत आल्या. "अहो, ही गाठ सुटतच नाही!"

वाटेत सुटू नये म्हणून मी निरगाठ मारली होती. मालकांनी ती दातांनी सोडवली. म्हणाले, "एकदा माफ."

आई, अशी चाळीस गाठोडी गेली आहेत. परवा नाताळला सगळे ती एकदमच उघडतील. मालकांना हे उद्या दुकान उघडताच सांगणार आहे. तू काळजी करू नकोस.

तुझा धाकटा