टाळीच्या जागी

सोमवार, ६ मे
पोचले एकदाची. पुण्याहून अमरावती, तिथून कुलदीपच्या गाडीनं मोर्शीच्या अलीकडच्या या संत्र्याच्या बागेत. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही. कुलदीप अकोल्याचा, त्याचा हा पहिलाच थरारपट आणि मी त्याची आवाजवाली. सिनेमा पुढे होईल तेव्हा होईल. आधी सुरुवातीची चार मिनिटं करायची आणि सतरा तारखेला अकोल्यात निर्मात्याला दाखवायची.

बागेत दोन खोल्यांचं स्लॅबचं घर आहे, बरीच वर्षं रिकामं. शेजारच्या टिनाच्या घरात केशरबाई राहते. बाग राखते, आता आम्हाला जेवायलाही घालते. भाकरी आणि झणझणीत वांगं खाऊन डोळ्यांतून पाणी आलं तर म्हणाली, पुण्याची दिसतेस. खोलीत ट्रकएवढा आवाज करणारा कूलर आहे. दिवसा याच्याशी माझं वैर, रात्री मैत्री. मी खूश आहे.

मंगळवार, ७ मे
आज बैठक मारून सुरुवात ठरवली. कुलदीपचं म्हणणं, "तू मले फक्त भेव ऐकू दे, दाखवाचं मी पाहून घेतो." गडी चक्रम आहे, पण डोकं आहे.

पडदा काळा. नुसता कूलरचा आवाज. मग लाइट जाते, कूलर मंदावत मंदावत थांबतो, आणि प्रेक्षकाला कळतं की इतका वेळ कानांत काय भरलं होतं. मग चित्र. भर दुपार. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवरून, विहिरीपासून घराकडे, एकदाही न तोडता. बागेला ताण दिलेला, पाणी तोडलेलं, त्यामुळे खाली पाचोळाच पाचोळा. तो वाजतो, पण चालणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. संगीत नाही. आत पाठमोरी बसलेली चंदा, म्हणजे आमची नटी रागिणी. कॅमेरा उंबऱ्याशी थांबतो. हाक येते. ती "ओ" म्हणते, आणि मगच कॅमेरा उंबरा ओलांडतो. पुन्हा काळं.

कॅमेरा म्हणजे कोणीतरी आहे, हे फक्त आवाजानं सांगायचं. हे माझं काम. असलं काम वर्षानुवर्षं मिळत नाही.

गुरुवार, ९ मे
चित्रण झालं. कुलदीप कॅमेरा घेऊन वाकून वाकून चालला, आता कंबर धरून बसलाय.

शेवटी माझा हट्ट. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. चित्रण संपलं की सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. पुढे आवाजांमधल्या फटी त्याच शांततेनं बुजवायच्या. कूलर बंद केला, श्वास रोखला, आणि ऐन मध्यात दाराशी उभ्या केशरबाईनं खाडकन टाळी वाजवली. मी चिडले, फार बोलले तिला. ती जायला वळली. म्हणाली, "मी वाजोली म्हणून बरं."

शनिवार, ११ मे
कुलदीप आणि रागिणी कालच अकोल्याला गेले. मी इथेच राहून आवाज बसवतेय.

आज हाती घबाड लागलं. परवाची शांतता हेडफोनवर ऐकत होते, तर टाळीच्या जरा आधी, खूप लांबून, एक हाक. "ए बाई." बाईची म्हणावी तर बाईची नाही, बुवाची म्हणावी तर तशीही नाही. रस्त्यावरचं कोणी असेल. स्टुडिओत शंभर जणांकडून काढून घेतली तरी अशी हाक मिळणार नाही. टाळी कापून फेकली आणि हाक सुरुवातीत बसवली.

आता "ओ" पाहिजे. रागिणी इथे नाही. आमच्यात अशा वेळी तात्पुरता स्वतःचाच आवाज घालतात. टाळी कापलेली जागा रिकामी होतीच. तिथे मी माझा "ओ" ठेवला. हाक आणि ओ असे जुळले की माझ्याच अंगावर काटा आला. पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. कुलदीपला पाठवलं.

रविवार, १२ मे
दुपारी काम करताना बाहेर पाचोळा वाजत होता. उठून पाहिलं तर कोणी नाही. वाराही नाही, पान हलत नव्हतं. कुत्रं असेल. पण मी कानांवर पोट भरणारी बाई आहे. कुत्र्याचे पाय चार असतात.

सोमवार, १३ मे
केशरबाईला विचारलंच, त्या दिवशी मध्येच टाळी का वाजवली. आधी उडवून लावलं. मग भाकरी थापता थापता बोलली. या बागेत दुपारची हाक आली तर ओ देत नाहीत, टाळी वाजवतात. टाळी म्हणजे ऐकलं, पण येत नाही. तिची जाऊ लीलाबाई याच घरात राहायची. एका दुपारी, कामाच्या नादात, ती ओ देऊन बसली. चपला दाराशीच राहिल्या. विहीर उपसली, कौंडण्यपूरपर्यंत नदी पाहिली. "ओ देल्यावर ते घरात येते, पोरी. मंग उंबरा त्याचा."

मी हसले. मग टाळीच्या जागी काय ठेवलंय ते आठवलं. तिला सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

बुधवार, १५ मे
मला कळलंय. फार भीती वाटतेय, लिहूनच टाकते.

मी काम बंद ठेवलं तरी आज दुपारी पाचोळा वाजला. विहिरीपासून निघून दाराच्या बऱ्याच जवळ आला, मग थांबला. थोड्या वेळानं कुलदीपचा फोन. आताच बहिणीला सुरुवात दाखवली, ती घाबरली म्हणून खुशीत होता. कुठेही लावलं तरी ओ मीच देते. एकेका ओ ला ते जवळ येतं.

त्याला म्हटलं, माझा आवाज काढ. कारण सांगितलं तेव्हा म्हणाला, उन्हानं डोकं फिरलं तुझं. मग समजूत घालत म्हणाला, काढतो, रागिणीचा घालतो. रागिणीचाही नको म्हणून ओरडले, तोवर फोन कट झाला. मी माझ्याकडचं सगळं पुसून टाकलं. त्याच्याकडची प्रत राहिली.

केशरबाई म्हणाली, बागेतून निघ.

गुरुवार, १६ मे. अमरावती
एस.टी. स्टँडजवळचा लॉज, तिसरा मजला. खाली रिक्षा, हॉर्न, रसवंतीची घुंगरं. किती छान गोंगाट. कूलर पूर्ण वेगात ठेवलाय.

दुपारी कूलरच्या आवाजाखाली काहीतरी होतं. बंद करून पाहायची हिंमत झाली नाही.

कुलदीप फोन उचलत नाही —

शुक्रवार, १७ मे
सकाळी त्याचा निरोप. रागिणीचा जुळला नाही, तुझाच ठेवला, तुझाच खरा वाटते. बारा वाजता अकोल्यात खेळ. आता फोन बंद. अकोल्याला जायला निघाले होते, जिन्यात पाचोळा वाजला, परत फिरले. कडी लावून बसलेय.

लाइट गेली.

कूलर मंदावतोय — थांबला.

हे मीच रचलंय. यापुढे काय ते मला पाठ आहे.

पाचोळा. तिसऱ्या मजल्यावर, फरशीवर. दोन पाय. लिहीत राहते, म्हणजे तोंड —

दाराखालच्या फटीत सावली. थांबली.

प्रणाली.

माझं नाव. कसं कळलं —

ओ दिला नाही. वही टाकून टाळी वाजवली. दोन्ही तळवे झिणझिणले. सावली मागे सरली. खरंच सरली. केशरबाई, तुमचे पाय धरते.

रडायला येतंय.

बारा वाजून गेले. तिकडे अंधार केला असेल. काळा पडदा — कूलर — मग —

प्रणाली.

ओढणीचा बोळा तोंडात कोंबलाय. दातांत घट्ट. टाळी वाजवतेय, वाजवून पुन्हा लिहितेय, मी ओ देणार नाही, मी नाही —

दाराबाहेर माझा आवाज. अगदी सहज, कामाच्या नादात दिलेला —

ओ.

कडी वर होतेय. सावली उंबऱ्याच्या आ