चौकात आधी कोण

बॉथेल, ४ मार्च २००६

ती. जगन्नाथमामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुमित्रामामीला वेगळा नमस्कार. एकाच नमस्कारात दोघांना बसवलं की ती रागावते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी निरोप पोचवताना त्यात स्वतःची भर घालते, म्हणून हे पत्र.

एक बातमी आहे आणि एक मागणी. वर्क परमिट आलं आणि मला नोकरी मिळाली. इथून नऊ मैलांवर एक छोटी बायोटेक कंपनी आहे, तिच्या लॅबमध्ये. सात वर्षांनी पुन्हा पांढरा कोट घालायचा आहे. बारा जूनला रुजू व्हायचं. काम पेशी वाढवण्याचं, आणि पेशींना सकाळी साडेसहाला भूक लागते. त्या वेळी तिकडे बस जात नाही. मी म्हटलं, येईन. कशी येईन ते त्यांनी विचारलं नाही.

मागणी अशी, की मला गाडी शिकवा. पत्रातून. आमच्या गाडीचं लीज या महिन्यात संपतंय. नवी घ्यायची ती मी निवडायची आणि मीच चालवायची असं ठरलंय. माझा अनुभव म्हणजे पुण्यात चार वर्षं लूना. तुम्ही तीस वर्षं डेट्रॉइटमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासलेत. भाचीसाठी चार पानं खर्च करा.

सिद्धेश बरा आहे. केयाचे पुढचे दोन दात पडले आणि ती सगळ्यांना तोंड उघडून दाखवते.

लोभ वाढवायला गाडी लागत नाही. तेवढा चालू ठेवा.

तुमची आसावरी


ट्रॉय, ११ मार्च २००६

चि. आसावरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मामी म्हणते, ती भर घालत नाही, दुरुस्ती करते.

नोकरीबद्दल आनंद झाला. मात्र एक कळलं नाही. आमचे जावईबापू साडेसहाला उठत नाहीत का? बायकोला गाडी शिकवणं नवऱ्याचं काम नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे. पण बायकोला वेळेवर सोडणं त्याचं नक्कीच आहे. असो.

गाडी वापरलेली घे. नवी गाडी नव्या हातांत पहिल्याच महिन्यात खरचटते आणि मग माणूस रस्त्याऐवजी ओरखड्याकडे बघत बसतो. जपानी, चार दारांची, फार जुनी नाही अशी बघ. डेट्रॉइटला लागून असलेल्या ट्रॉयमध्ये, अमेरिकन गाड्यांच्या गावात राहून मी हे लिहितोय, ते माझ्या शेजाऱ्याला सांगू नकोस.

बघायला जाशील तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर विचार, आम्ही यायच्या आधी का सुरू केली होती? थंड इंजिन खोटं बोलत नाही. मालकीचा कागद स्वतः वाच. अपघातात मोडून पुन्हा जोडलेली गाडी असेल तर त्यावर तसं छापलेलं असतं. ते दिसलं की चहा न घेता परत ये. चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागायला हवा आणि विझायला हवा. लागलाच नाही तर तो कोणीतरी काढून ठेवलेला असतो. आणि गाडी कितीही आवडली तरी विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडे नेऊन दाखव.

त्या एबीएसबद्दल थोडं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकून गाडी घसरू नये, म्हणून ती यंत्रणा असते. अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक पूर्ण दाब आणि दाबूनच ठेव. पायाखाली थरथर होईल, घरघर ऐकू येईल. नवी माणसं घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही. त्या थरथरीवर मी बारा वर्षं काम केलं. माझे कान तिथेच गेले.

पोलिसानं थांबवलं तर गाडीतच बसून राहायचं, हात स्टिअरिंगवर. आपली माणसं खाली उतरून साहेबांना समजवायला जातात. इथे तसं करायचं नाही.

पुढचं पुढच्या पत्रात. सीट इतकी पुढे घे की पाय ताणावा लागणार नाही.

आशीर्वाद आहेतच, पट्टा मात्र तूच बांध.

जगन्नाथमामा


बॉथेल, १९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र फ्रिजवर लावलंय. केयाला त्यातलं फक्त इंग्रजी अक्षरांतलं एबीएस वाचता येतं.

सिद्धेश साडेसहाला उठतो. पाचलाच उठतो. मी तुम्हाला खरं लिहिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी तो स्वयंपाकघरात उभा होता आणि पडला. त्याला फिट आली. दोन मिनिटं. केया समोर होती. हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या, गाठ वगैरे काही नाही. गोळ्या सुरू आहेत, नंतर पुन्हा काही झालेलं नाही. सहा महिने असेच गेले तर तो गाडी चालवू शकेल. तोवर गाडीला हात लावायचा नाही. शेजारी बसून मला शिकवायचीही त्याला परवानगी नाही.

ऑफिसला त्याला शेजारच्या शरयूताई नेतात. तो मागच्या सीटवर बसतो. पुढे बसा म्हटलं तरी बसत नाही. तो तक्रार करत नाही. फक्त घरात बोलेनासा झालाय. आदल्या शुक्रवारी तो आम्हाला एकशे वीस मैल समुद्रावर घेऊन गेला होता. पडला तो दुसऱ्या दिवशी. मी ते एकशे वीस मैल रोज मोजते.

म्हणून नोकरी. नोकरी दोघांची हवी, आणि घरात एक तरी चालवणारा हवा. पुण्याला कळवलेलं नाही. आई लगेच विमानात बसेल. मामीला सांगितलंत तर तिच्याकडून वचन घ्या.

लहान तोंडी मोठा घास घेतला. सांभाळून घ्या.

आसावरी


ट्रॉय, २५ मार्च

चि. आसावरीस,
आशीर्वाद.

जावईबापूंबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. मामीनं वचन दिलंय.

तू आता दोन माणसांचं चालवणार आहेस, म्हणून नीट ऐक. पैसे देऊन शिकवणारा माणूस लाव. दहा तास. त्याच्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, त्यामुळे तो ओरडत नाही. नंतर शरयूबाईंबरोबर फिर. आधी रिकामं पार्किंग, मग घराभोवतीचे रस्ते, मग पाऊस. तुमच्याकडे पाऊस शोधायला लागत नाही. पुढच्या गाडीपासून मनात चार मोजण्याइतकं अंतर ठेव, पावसात सहा. मधे कोणी घुसला तर घुसू दे आणि पुन्हा मोज. लेन बदलताना आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यावरून बघ. हॉर्न म्हणजे पुण्यातलं 'आलो हं' नव्हे. इथे ती शिवी आहे.

लायसन्स मिळालं की सिद्धेशला पुढच्या सीटवर बसव. मागे बसू देऊ नकोस. शेजारी बसणाऱ्याचा उजवा पाय आपोआप चटईवर दाबला जातो, जणू तिथे ब्रेक आहे. त्याचाही दाबला जाईल. तू तिकडे बघू नकोस.

फार विचार करू नकोस. आम्ही आहोत.

जगन्नाथमामा


बॉथेल, १६ एप्रिल

ती. मामांस आणि मामीला, वेगवेगळे नमस्कार.

गाडी मिळाली. सिद्धेशच्या ऑफिसातला संजीव घरदार आवरून नागपूरला परत चाललाय. त्याची हिरवी गाडी, सहा वर्षांची. बॉनेट थंड होतं. कागद स्वच्छ होता. पिवळा दिवा लागला आणि विझला.

मग अडलं. संजीवच्या बायकोनं साबुदाणा वडे केले होते. राइस कुकर फुकट दिला, केयाला सायकल दिली. अशा माणसाला मेकॅनिकला दाखवू असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मी दोनदा परत आले, न बोलता. तिसऱ्यांदा तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन गेले आणि म्हटलं की माझे मामा फार हट्टी आहेत. सगळं तुमच्यावर ढकललं.

मेकॅनिकनं चाक काढून दाखवलं. पुढचे ब्रेक पॅड कागदाइतके उरले होते. संजीवनं त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला की मागच्याच आठवड्यात तो मुलांना घेऊन डोंगरावर बर्फात जाऊन आला. पॅड त्यानं स्वतःच बदलून दिले. जाताना तुम्हाला नमस्कार सांगितलाय. हट्टी मामांना, असं म्हणाला.

शिकवणी चालू आहे. शिकवणाऱ्या बाई म्हणतात मी फार सभ्य चालवते. मला ते कौतुक वाटलं.

परीक्षा १८ मेला. आशीर्वाद त्या तारखेला दुपारी दोन वाजता पाठवा. तुमच्याकडे पाच वाजले असतील.

आसावरी


बॉथेल, १९ मे

ती. मामांस,
शि. सा. न.

नापास.

पार्किंग नीट झालं. उलटं चालवणंही. मग चार बाजूंना स्टॉपची पाटी असलेला चौक आला. मी सगळ्यांच्या आधी पोचले, पूर्ण थांबले. डावीकडून एक म्हातारे गृहस्थ आले. मी त्यांना हातानं म्हटलं, तुम्ही जा. ते गेले. समोरून एक बाई आली, मागे मुलं होती. तिलाही म्हटलं, जा. उजवीकडून ट्रक. त्यालाही. मागच्यानं हॉर्न दिला. परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या चौकात मी पुन्हा तेच केलं.

शेवटी त्या म्हणाल्या, तुम्ही चांगल्या बाई आहात आणि अशानं कोणाला तरी माराल. तुम्ही पुढे काय करणार हे कोणालाच कळत नाही.

घरी आले. सिद्धेश दारात उभा होता. त्यानं माझा चेहरा बघितला आणि स्वयंपाक त्यानंच केला. लॅबला कळवावं का, की जागा दुसऱ्या कोणाला द्या? त्यांची अडचण नको. मी सोमवारपर्यंत थांबते.

काय करू ते लिहा.

आसावरी


ट्रॉय, २० मे, एक्स्प्रेस टपालानं

चि. आसावरीस,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

लॅबला काहीही कळवायचं नाही. जागा दुसऱ्याला द्या म्हणणं म्हणजे तोच चौक. तू आधी पोचलीस, आता दुसऱ्याला हात करतेस.

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, आधी तुम्ही. पंगतीत, दारात, शेवटच्या लाडवापाशी. चांगलंच आहे ते. पण चौकात चार अनोळखी माणसं एकमेकांशी न बोलता एक करार करतात. आधी आला तो आधी जाईल, बरोबर आले तर उजवीकडचा. तू हात केलास की करार मोडतो. तू ज्याला पाठवलंस त्याला तिसरा येऊन धडकतो. तिसऱ्याला तुझा हात दिसलेला नसतो.

पूर्ण थांब. कोण आधी आलं ते बघ. तू आलीस, तर जा. आभार, क्षमा, हात, काही नको. रोज संध्याकाळी शरयूबाईंना घेऊन दहा चौक कर. पुढच्या आठवड्याची तारीख घे.

जगन्नाथमामा

ता. क. आसावरी, मी मामी. हे काय चौकाचं शिकवतात! १९७४ साली मला शिकवायला घेऊन गेले, एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. पाच मिनिटांत सोळा वेळा 'ब्रेक' म्हणून ओरडले. मी मोजलं. मी दार उघडून उतरले आणि चपला घालून दोन मैल बर्फातून घरी चालत आले. परत त्या सीटवर बसले नाही. बत्तीस वर्षं. यांनीही पुन्हा विचारलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे, आधी तुम्ही. तू असं करू नकोस. तू जा.


बॉथेल, १३ जून

ती. मामांस, आणि माझ्या मामीला,
नमस्कार.

२ जूनला पास झाले. परीक्षक बाई त्याच होत्या. चौकात मी थांबले, बघितलं, निघाले. त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही.

काल पहिला दिवस. सहाला निघाले. शरयूताई केयासाठी येऊन बसल्या, आणि येतोस का असं मी विचारल्यावर सिद्धेश म्हणाला, येतो, परत बसनं ऑफिसला जाईन. पुढे बसला. पाऊस होता. वळणावर झाडीतून एक हरीण रस्त्यात आलं आणि उभंच राहिलं. मी ब्रेक दाबला. पायाखाली ती थरथर सुरू झाली, घरघर ऐकू आली. मी पाय उचलला नाही. गाडी सरळ थांबली. हरीण आमच्याकडे बघून निघून गेलं.

सिद्धेशचा पाय चटईवर दाबलेला होता. मी तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, छान थांबवलीस. फेब्रुवारीनंतर त्यानं न विचारता म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

मामा, तुमची बारा वर्षं काल माझ्या पायाखालून गेली. पेशींना वेळेवर खायला मिळालं.

आसावरी


बॉथेल, २० ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न.

मामीचं लर्नर्स परमिट आल्याचं तिच्या पत्रातून कळलं. तुम्ही शेजारी तोंडात सुपारी धरून बसता, म्हणजे ओरडता येत नाही, हेही कळलं. हे तंत्र इथे कोणालाच माहीत नाही.

शुक्रवारी डॉक्टरकडे गेलो होतो. सहा महिने झाले. काही झालेलं नाही. गोळ्या आणि झोप सांभाळून चालवायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि लायसन्स खात्याच्या कागदावर सही केली. सिद्धेश लिफ्टमध्ये तो कागद वाचत होता. पार्किंगमध्ये आलो. चावी माझ्या हातात होती. चालकाच्या दाराशी आम्ही दोघंही गेलो आणि थांबलो. मी चावी पुढे केली, म्हटलं आधी तू. तो म्हणाला आधी तू. असं तीनदा झालं. केयानं इंग्रजीत विचारलं, कोणीतरी जाणार आहे की नाही.

दाराशी मी आधी पोचले होते. मी बसले.

वाटेत भाजी घ्यायला उतरलो. बाहेर येताना पिशव्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे तो आधी पोचला. मी चावी दिली आणि वळसा घालून पलीकडे बसले. त्यानं सीट मागे घेतली, आरसे नीट केले, खांद्यावरून वळून बघितलं. आम्ही निघालो. माझा उजवा पाय चटईवर दाबला गेला. तिथे ब्रेक नाही हे मला माहीत होतं.

तरी गाडी थांबली. चौक आला होता.

आम्हा तिघांवर लोभ आहे तसाच राहू द्या. मामीला सांगा, चर्चचं पार्किंग झालं की बाहेर पड.

तुमची
आसावरी