पाचवी आकृती

गुरुवार, १२ सप्टेंबर २००२

हारुन खोटं बोलतोय.

लिहून टाकलं. आता बरं वाटतंय.

विमानाच्या कसरतींच्या आमच्या सरावाची रीत साधी आहे. एक जण वर उडतो, दुसरा धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून, मान वर करून बसतो. हातात रेडिओ. वरच्याला आपली चूक दिसत नाही, खालच्याला दिसते. वर्षभर हारुन आणि मी असेच एकमेकांचे डोळे आहोत. तो अबुधाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर, मूळचा दापोलीचा. बुधवारी पाळी संपली की गाडी काढतो आणि अख्खा देश आडवा ओलांडून फ्लाइंग क्लबवर येतो. मला ताई म्हणतो. विमानासाठी नाही, तुमच्या डब्यातल्या चटणीसाठी येतो असंही म्हणतो.

आज उतरले. कानावरचे हेडफोन काढते आहे तोच म्हणाला, "ताई, पाचवी खाल्लीत."

"काय खाल्लं?"

"पाचवी आकृती. चौथी झकास झाली. मग तुम्ही सरळ चालत राहिलात, अबुधाबीच्या हायवेवर असल्यासारख्या. आणि एकदम सहावी."

क्रमात नऊ आकृत्या आहेत. चौथीत विमान उभं चढवायचं, वर वेग संपला की एका पंखावर वळवून उभंच खाली आणायचं. पाचवी स्लो रोल — सरळ रेषेत जाताजाता विमान स्वतःभोवती एकदा सावकाश फिरवायचं. वाळू डोक्यावर, आकाश पायांखाली, परत सरळ. सहावी लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ. मी पाचवी केली. वाळू डोक्यावर आलेली मी पाहिली. पट्ट्यांवर लोंबकळत होते, खांदे अजून दुखताहेत.

"रेडिओवर दोनदा हाक मारली," म्हणाला. एकही आली नाही.

राष्ट्रीय स्पर्धा चार आठवड्यांवर. हौशी वर्गात तो आणि मी समोरासमोर. इतके दिवस मी हे विसरले होते. तो विसरला नसावा.


शनिवार, १४ सप्टेंबर

काल इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात बोलले. विषय दिला होता 'परदेशातील संस्कार'. तो बाजूला ठेवला. म्हटलं, आपण इथे नोकरी करायला आलो, धंदा करायला आलो, वाकायला आलो नाही. मी मीना बाजारच्या मागे पोळीभाजीचं केटरिंग चालवते आणि सुटीच्या दिवशी विमान उलटं करते, आणि या दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांनी आपले चष्मे तपासावेत. ऑक्टोबरात हौशी वर्गाचा करंडक या टेबलावर आणून ठेवीन.

टाळ्या थांबेनात.

परत येताना अंबादास म्हणाला, "विद्या, ते टेबल भाड्याचं आहे. ऑक्टोबरपर्यंत ठेवायचं म्हणजे बोलणी करावी लागतील."

मागच्या सीटवरून इरा : "बाबा, डोन्ट स्टार्ट."

नवरा चेष्टा करतो तेव्हा चेष्टेच्या आत काहीतरी असतं. त्याला माझं उडणं कधीच आवडलं नाही. तोंडाने कधी म्हणाला नाही, हेच मला खुपतं.


गुरुवार, १९ सप्टेंबर

आज हारुनला खुर्चीत बसू दिलं नाही. कुणालाच नाही. नऊच्या नऊ आकृत्या निर्दोष.


गुरुवार, २६ सप्टेंबर

कॅप्टन अहमद स्वतः खुर्चीत बसले. क्लबचे प्रमुख, इथलेच, लष्करात विमानं उडवून निवृत्त झालेले. उगाच बोलत नाहीत. उतरल्यावर मला चहा दिला आणि त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, फाइव नही किया."

म्हणजे आता दोघे.

मी विचारलं, "हारुनने तुम्हाला काही सांगितलं होतं का आधी?"

"बोला था, जरा देखो करके."

झालं. आधी कानात भरायचं, मग डोळ्यांना तेच दाखवायचं. इतिहासात राज्यं अशीच गेली आहेत. मनात एकदा शंका पेरली की माणूस तिच्याच बाजूचा पुरावा गोळा करत जातो.

हारुन विमानांच्या हँगरच्या दाराशी उभा होता. सरळ विचारलं, "तुला काय मिळणार आहे यातून?"

तो हसला. मग मी हसत नाही हे पाहून थांबला. "ताई, मी पण चुकतो. तुम्हीच तर सांगता. मी कधी म्हटलं का, विद्याताई लबाड आहे?"

"तू खरोखर चुकतोस म्हणून सांगते."

तो डबा न उघडताच गेला. चटणी परत आली. अंबादासने खाल्ली आणि विचारलं, "आज भाऊ उपाशी का?"


सोमवार, ७ ऑक्टोबर

घटस्थापना. नऊ दिवसांचे उपवास धरले, फळं आणि दूध. साबुदाणासुद्धा नाही. आई असेच करायची.

अंबादास : "या आठवड्यात स्पर्धा आहे. वरती चक्कर आली तर?"

"शेतात राबणाऱ्या बायका नऊ दिवस करतात. त्यांना येत नाही."

"त्या उलट्या टांगून घेत नाहीत, विद्या."

आज अहमदचाही फोन. मी उपवास करते हे त्यांना कसं कळलं? रमझानात रोजा असणाऱ्याने उडायचं नाही हा क्लबचा नियम, म्हणे तोच मलाही लागू. शांतपणे सांगितलं, रोज्यात पाणीही नसतं, मी दिवसभर दूध पिते. "यू प्रॉमिस, यू ड्रिंक?" म्हणाले. प्रॉमिस केलं. फोन ठेवल्यावर अंबादासकडे बघितलं. तो पेपर वाचत होता. फार लक्षपूर्वक.


गुरुवार, १० ऑक्टोबर

सगळं क्रमाने लिहायचं.

सकाळी ब्रीफिंग. आमच्या वर्गात सहा जण. उडण्याआधी आम्ही सगळे हँगरबाहेर आपापला क्रम चालून बघतो — डोळे मिटून, तळहात म्हणजे विमान, पायाने वळणं. लांबून बघणाऱ्याला वाटावं वेड्यांची जत्रा भरली आहे. मी चालून पाहिला. पाचवीला तळहात फिरवला. बरोबर.

हारुन माझ्या आधी उडला. बरा उडला. मग माझा नंबर. चौथी इतकी सरळ उभी मी आयुष्यात चढवली नव्हती. पाचवी. सहावी. उतरले तेव्हा मला माहीत होतं, करंडक माझा.

गुण लागले. पाचवीपुढे शून्य. तिन्ही परीक्षकांचं. 'आकृती केली नाही.'

आणि परीक्षकांच्या शेजारी, गुण लिहून घ्यायला, कोण बसलं होतं? हारुन. माणसं कमी, म्हणून ज्याचं उड्डाण झालं तो लिहायला बसतो, ही इथली पद्धत. सगळे ती पाळतात. आजवर मीही पाळली.

मग मी बोलले. हँगरमध्ये, सगळ्यांसमोर, इंग्रजीत. आवाज चढवला नाही. म्हटलं, तीन सज्जन माणसांनी एकाच आकृतीला शून्य द्यावं यात मला आश्चर्य नाही. त्यांच्या कानाशी बसलेला माणूस महिनाभर हेच शून्य घडवत होता. प्रतिस्पर्ध्याला परीक्षकांच्या मांडीला मांडी लावून बसवणारी स्पर्धा राष्ट्रीय म्हणवून घेते, याची मला शरम वाटते. तो उठत नसेल तर मी उठते.

एक परीक्षक चष्मा पुसत राहिला.

हारुन उठला. लिहायचं पॅड खुर्चीवर ठेवलं. मराठीत म्हणाला, फक्त मला, "ताई, माझ्या अम्मीला फोनवर सांगायचो, इथे मला एक बहीण मिळाली." मग अहमदना इंग्रजीत सांगितलं, उद्याच्या फेरीतून माझं नाव काढा. आणि गेला.

नाटक. पण बरं केलं.

निर्णय : उद्याची फेरी मला खेळता येईल, मात्र मागच्या सीटवर अहमद बसतील. "फॉर युवर सेफ्टी." माझ्या की त्यांच्या?

संध्याकाळी देवीची क्षमा मागून उपवास सोडला. भात, वरण, तूप. उद्या कुणाला निमित्त मिळायला नको.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

तर हा त्यांचा शेवटचा डाव होता.

पोटभर नाश्ता केला. अंबादास आणि इरा दोघं आले होते. इराने माझ्या वेणीची रबरबँड घट्ट केली आणि म्हणाली, "जस्ट फ्लाय, ओके? नो स्पीचेस."

पहिल्या चार आकृत्या मागच्या सीटवरून आवाज नाही. पाचवी केली. सहावीसाठी वेग घेते आहे तोच विमानाची स्टिक हातातून गेली. अहमदनी ओढून घेतली. "माय कंट्रोल." मी ओरडले, सोडा. परत, "माय कंट्रोल, मॅडम." माझ्याच स्पर्धेत, माझ्याच विमानातून मला सामानासारखं खाली आणलं.

खाली उतरल्यावर त्यांचा चेहरा पांढरा. म्हणाले, "मै बुलाया. नाम लेके बुलाया. आप बैठा था, बस." आणि डॉक्टरकडे जा म्हणाले, आजच. पत्र येईपर्यंत उडायचं नाही.

बाई बोलायला लागली की तिला आधी भांडखोर म्हणतात. तरी गप्प बसली नाही की आजारी म्हणतात. किती जुनी युक्ती! शतकानुशतकं वापरून गुळगुळीत झालेली.

अंबादास गाडीत एवढंच म्हणाला, "एकदा दाखवून यायला काय जातं?" मी विचारलं, "तूही?" त्याने रेडिओ लावला.


रविवार, १३ ऑक्टोबर

डॉक्टरकडे गेले नाही.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

दसरा. स्वयंपाकाला मदतीला असते ती नर्मदा कामावर लवकर आली, दोनशे माणसांच्या श्रीखंडाची ऑर्डर. श्रीखंड ढवळताना म्हणाली, "बाई, हारुनभाऊची चटणी या महिन्यात डब्यात भरायला सांगितली नाहीत. रुवैसला बदली झाली का?" तिथेच तर असतो तो, म्हटलं. तिला काय सांगणार?

पण दिवसभर डोक्यात तेच. जो माणूस जिंकायला कट करतो, तो कट यशस्वी झाल्यावर स्वतःचं नाव का काढून घेईल?

कारण असेल. मला अजून दिसलेलं नाही.


बुधवार, १६ ऑक्टोबर

उद्या मंडळाचं दसरा संमेलन. मला बोलायचं आहे. करंडकाबद्दल विचारतीलच. विचारू देत. सगळं सांगणार, नावं घेऊन. भाषण पाठ झालं.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काल सभागृह खच्चून भरलं होतं. बोलले. नावं घेतली — अहमदचं, हारुनचं. शेवटी सगळे उभे राहिले.

आत्ता अनुराधाचा फोन आला होता. मंडळाची सेक्रेटरी, माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण. भरभरून बोलत होती. "सगळं सोड, पण हारुनचं नाव घेतल्यावर तू जी थांबलीस ना! माइकसमोर नुसती बघत उभी. मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प झाली. मला तर वाटलं, वाक्य विसरली ही. आणि मग अशी सुरू झालीस, जसं काही झालंच नाही. गणपतीतही केलंस तसं. कुठे शिकलीस गं हे?"

मी थांबले नव्हते. हारुनचं नाव आणि त्यापुढचं वाक्य माझ्या आठवणीत एकमेकांना चिकटून आहेत. मधे काही नाही.

म्हणजे वरही मधे काही नव्हतं. पाचवी मी केलीच नव्हती; डोक्यावर आलेली वाळू सहावीतली असेल.

गाडीची किल्ली अंबादासकडे दिली. इराला क्लासला तो सोडेल. उद्या सकाळी डॉक्टर.

हारुनला फोन लावला. वाजत राहिला.