सेव्हिलमध्ये सूर्य चुकला

पामर्स्टन नॉर्थ,
रविवार सकाळ

आदरणीय नानासाहेब,

प्रमोदचा साष्टांग नमस्कार. तुमचा मोतीबिंदू निघाला आणि पेपर आता स्वच्छ दिसतो, हे वहिनींकडून फोनवर कळलं. आनंद झाला. (निधनवार्तांचं पान आधी उघडायचं नाही, ही माझी जुनी विनंती कायम.) इकडे सुशीलाचे गुडघे आणि साखर आपापल्या मर्जीने वागतात. माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण घरात माझ्याशिवाय कुणाचंच तसं मत नाही. आमच्या मकरंदने गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, माझी स्मरणशक्ती तपासायला. मला चित्रं दाखवून विचारणार म्हणे, हा गेंडा की उंट. तोवर कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात) मी एकटा जायचं नाही. अख्खे तालुके मोजलेला माणूस, नानासाहेब! आणि कशासाठी, तर मी सेव्हिलमध्ये हरवलो म्हणून. मी हरवलो नव्हतो. झालं ते क्रमवार सांगतो. मोजणी खात्यात तुम्ही माझे साहेब होतात, निवाडा तुम्हीच करा.

मकरंदच्या ऑफिसची परिषद स्पेनमध्ये होती आणि श्रियाला एप्रिलची सुट्टी. (आमची नात, वय बारा. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.) सूनबाई संपदाने आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. दीड दिवस विमानात काढून उतरलो, तर असं लखलखीत ऊन की भिंतींकडे बघवेना. भिंती पांढऱ्या, कडेला हळदीच्या रंगाचा पट्टा, आणि एकही भिंत काटकोनात नाही! गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या गच्च्यांतल्या बायकांनी एकमेकींना विरजण द्यावं. दारातून आत डोकावलं की लोखंडी जाळीमागे गार चौक, त्यात कारंजं, आणि आपण जमिनीवर घालतो त्या रंगीत फरशा यांनी भिंतीवर चढवलेल्या. मोठ्या चर्चचा मनोरा तर ऐका. आत पायऱ्या नाहीत, नुसती चढण आहे, वर घोड्यावरून जाता यावं म्हणून! मी पावलं मोजत वर गेलो आणि आकडा वहीत टिपला. श्रिया म्हणाली, "आजोबा, गूगल इट ना." मोजणीदाराची कदर या घरात एवढीच.

तिसऱ्या दिवशी मकरंद परिषदेत, मायलेकी खरेदीला. मी आणि सुशीला फिरत फिरत एका छोट्या चौकात पोचलो. दुपारचे दोन. तिथे संत्र्याच्या झाडाखालच्या बाकावर ती एकदम बसली. कपाळावर घाम, हात थरथरताहेत. साखर उतरली होती. पर्समधली बिस्किटं सकाळीच संपलेली (त्यातली तीन मी खाल्ली होती, हे मकरंदला सांगितलेलं नाही). आजूबाजूची दुकानं दुपारच्या झोपेसाठी बंद. हॉटेलच्या खोलीत ग्लुकोजचा डबा होता. येताना मी पावलं मोजली होती: चारशे वीस, चौकापासून उत्तरेला. फोन आमच्यात एकच, तो तिच्यापाशी ठेवला आणि म्हणालो, "दहा मिनिटांत आलो." ती म्हणाली, "लवकर या हो."

आता चूक कुठे झाली ते बघा. पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो. इथे न्यूझीलंडमध्ये तो उत्तरेकडून जातो. सहा वर्षांपूर्वी आलो तेव्हा या प्रकाराने माझी झोप उडाली होती. रोज दुपारी अंगणात उभं राहून मी स्वतःला घोकवलं, सूर्याकडे तोंड म्हणजे उत्तर. घोकून घोकून ते अंगात भिनलं. सेव्हिलच्या त्या चौकात मी सूर्याकडे तोंड केलं आणि झपाझप निघालो. पण स्पेन तर वरच्या गोलार्धात! म्हणजे मी पावलागणिक हॉटेलपासून लांब चाललो होतो, आणि बरोबर वाटेवर आहे या खात्रीने चाललो होतो. चारशे वीस पावलं झाली. समोर भिंत. वळलो, पुन्हा मोजलं, पुन्हा भिंत. सगळे दरवाजे बंद, माणूस दिसेना. त्या गल्ल्यांतून मनोराही दिसत नाही. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली. बाकावर सुशीला कोसळली असेल, आणि मी इथे भिंती मोजतोय. भाषा येत नाही, ओरडू तरी काय? शेवटी मी मराठीतच ओरडलो. एका खिडकीतून कुत्रा भुंकला, बस्स.

तास होत आला तेव्हा मकरंदने मला एका गल्लीच्या तोंडाशी गाठलं. सुशीलाने कसाबसा त्याला फोन लावला होता. एका बाईने घरातून साखरेचं पाणी आणून दिलं, म्हणून निभावलं. मकरंदने विचारलं, "बाबा, हॉटेलचं नाव सांगून रस्ता का नाही विचारलात कुणाला?" मला नाव आठवेना. चार शब्दांचं स्पॅनिश नाव, कुणाला आठवेल? पण त्याचा चेहरा उतरला, तो आजतागायत तसाच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
प्रमोद

ता. क. एक काम होतं. एक दाखला हवा. सबंध नोकरीत मी एकदाही वाट चुकलो नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते लिहू नका. लिहा की प्रमोद पहिल्यापासूनच वाट चुकायचा, मोजणीला गेला की शिपाई पाठवून शोधून आणावा लागायचा. 'सेवानिवृत्त अधीक्षक' अशी सही करा. गुरुवारच्या आत फोनवर फोटो आला तरी चालेल. मुलाला एवढंच पटायला हवं की हे वयाचं नाही.

दुसरा ता. क. दाखला राहू द्या. परतीच्या विमानात सुशीला हळूच म्हणाली, "तुम्ही दोनदा माझ्यासमोरून गेलात. मी हात केला. हाक मारायला आवाज फुटेना. माझ्याकडे बघितलंत आणि पुढे गेलात." मी म्हटलं, ऊन डोळ्यांवर होतं. ती "हो" म्हणाली. तिने हे मकरंदला सांगितलेलं नाही. तुम्ही नुसतं पत्र पाठवा, आणि खाली तुमचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहा. आपण एकत्र कुठे होतो, तेही लिहा.